एक महिना आणि एक दिवस

एक जूनला वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नुसते केक येतात. सरपंच त्या दिवशी जन्मलेला, त्याला पाडायला टपलेला माजी सरपंच त्याच दिवशी जन्मलेला, दूध घालणारा राम, गिरणीवाला सिद्धोधन, सगळे एक जूनचे. परक्या माणसाला वाटावं, या वाडीतल्या बाया वर्षातून एकाच मुहूर्तावर बाळंत होतात. खरी गोष्ट एवढीच, की जुन्या गुरुजींनी शाळेत नाव घालताना ज्याच्या घरच्यांना तारीख सांगता आली नाही त्याला एक जून लावून टाकली, आणि सांगता कुणालाच आली नाही. जूनमध्ये शाळा उघडते, पोरगं दारात उभं आहे, वय पुरं आहे, झालं काम.

शालूलाही यंदा चौदा केक आले. तिने सगळ्यांना हात जोडल्याचं चित्र पाठवलं. आपला वाढदिवस त्या दिवशी नसतो हे तिला ठाऊक होतं, पण चौदा जणांना कोण समजावत बसणार.

तिचा जन्म दिवाळीनंतरचा. गंगेकाठी, म्हणजे गोदावरीच्या काठी, पाथरीकडच्या एका शिवारात तिच्या बापाने, धोंडीबाने, कुणाच्या तरी रानात मेंढरं बसवली होती. कापसाची दुसरी वेचणी चालू होती, आणि तिची आई कासाबाई तिथेच बांधावर बाळंत झाली. साल दोघांनाही सांगता येत नव्हतं, पण ‘धाकट्या भावाच्या लग्नानंतरची दुसरी दिवाळी’ हे धोंडीबा झोपेतून उठवलं तरी सांगायचा. नववीत असताना शालूने पेटीतून चुलत्याची लग्नपत्रिका हुडकून काढली, बोटांवर मोजलं आणि आपलं साल पक्कं केलं. तेव्हापासून ती स्वतःचं वय त्याच हिशेबाने धरत आली. फॉर्मवर एक जून आणि मनात दिवाळी. कागद आपल्यापेक्षा दीड वर्षाने पुढे आहे हे तिला माहीत होतं, पण त्यामुळे कधी काही अडलं नव्हतं.

अडलं ते पाच जूनला, सकाळी अकराच्या सुमाराला, परभणीत, कॉलेजच्या एनसीसीच्या खोलीत.

शालूला हवाई दलात पायलट व्हायचं होतं. हे ती अकरावीत असताना पहिल्यांदा योगीराज सरांना म्हणाली, तेव्हा सर हसले नाहीत. ते फिजिक्स शिकवायचे आणि एनसीसीही सांभाळायचे. त्यांनी सरळ विचारलं, “गणित घेतलंय का?” तिने घेतलं नव्हतं. मैत्रिणींनी बायोलॉजी घेतलं म्हणून तिनेही घेतलं होतं. सरांनी तिला त्याच पावली ऑफिसात नेलं आणि विषय बदलून घेतला. बारावीला गणित आणि फिजिक्स नसेल तर पुढचं सगळं फुकट, हे त्यांनी तिला ऑफिसच्या पायरीवरच सांगितलं.

सरांचं म्हणणं असं, की विमान चालवायला शिकवायला सरकार बसलंय, तिथवर पोचवायचं काम कॉलेजचं. मग त्यांनी सहा-सात वर्षं तिला तिथवर पोचवायचा धंदाच लावून घेतला. पदवीला साठ टक्क्यांच्या खाली जायचं नाही. एनसीसीचं सी सर्टिफिकेट. पहाटे कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर पळणं. वर्गात उठून बोलणं, चुकलं तरी बोलणं. मोबाइल डोळ्याला चिकटवून बसायचं नाही, डोळे गेले की विमान गेलं. इंग्रजी पेपर मोठ्याने वाचणं. सुटीत घरी गेल्यावर ऐकायला दुसरं कुणी नसायचं, म्हणून ती मेंढरांना वाचून दाखवायची. जिल्ह्यात सगळ्यात चांगलं इंग्रजी धोंडीबाच्या मेंढरांना कळत असेल, असं वाडीतली माणसं म्हणत.

आणि हे सगळं वाया गेलं नव्हतं. गेल्या वर्षी लेखी परीक्षा पास झाली. पाच दिवसांच्या मुलाखतीला ती मैसूरला गेली, तिथेही निवडली गेली. त्यानंतर मशीनवरची परीक्षा असते, पायांनी पट्ट्या दाबायच्या, हातात दांडा धरायचा, पडद्यावरचा ठिपका हलू द्यायचा नाही. ही परीक्षा माणसाला आयुष्यात एकदाच देता येते. त्यात नापास झाला तो पायलट म्हणून कायमचा बाद. शालू पास झाली. डॉक्टरांनी आतून-बाहेरून तपासून तिला धडधाकट ठरवलं. मग शेवटची यादी लागली आणि त्यात तिचं नाव नव्हतं. जागा मोजक्या, आणि मार्क थोडे कमी पडले.

“लेखीत मार खाल्लास,” सर म्हणाले होते. “फेब्रुवारीची परीक्षा सोड. घाईघाईत परत तेवढेच मार्क पडतील. नीट तयारी करून ऑगस्टची दे. वय किती तुझं?”

“एकवीस, सर.”

“मग काय घोडं पाठीमागं लागलंय का?”

म्हणून तिने फेब्रुवारीची परीक्षा सोडली आणि सहा महिने मान मोडून अभ्यास केला. आता ऑगस्टच्या परीक्षेचा फॉर्म भरायला दोघं कॉम्प्युटरसमोर बसले होते. नाव झालं. बापाचं नाव झालं. जन्मतारखेच्या चौकोनावर सरांनी टिचकी मारली, साल निवडलं, जून काढला. जूनमधले सगळे आकडे फिके दिसत होते. एकावर टिचकी मारली, काही होईना. सरांनी माऊस टेबलावर आपटला. पान बंद करून परत उघडलं. जुलै काढून बघितला. जुलैची एक तारीख फिकी आणि दोनपासून पुढे सगळ्या काळ्या.

मग सरांनी जाहिरात उघडली आणि चष्मा वर करून वाचली. कोर्स पुढच्या वर्षी जुलैत सुरू होणार, त्या दिवशी चोविसाच्या वर वय चालत नाही. दोन जुलैला किंवा त्यानंतर जन्मलेला उमेदवार चालतो. दहावीच्या सर्टिफिकेटवरची तारीखच धरली जाते. तिच्या सर्टिफिकेटवर त्याच सालचा एक जून होता. एक महिना आणि एक दिवस.

“तू मला एकवीस सांगितलं होतंस,” सर म्हणाले.

“एकवीसच होतं, सर.”

सरांनी टेबलावरची फाइल उघडली. तिच्या दहावीच्या सर्टिफिकेटची झेरॉक्स त्यातच होती, कितीतरी वेळा त्यांच्या हाताखालून गेलेली. टक्के बघितले होते, विषय बघितले होते. एक जूनकडे परभणी जिल्ह्यात कोण बघतं? त्यांचा स्वतःचाही एक जूनच होता.

शालूला काहीच वाटलं नाही. रडू येईल म्हणून ती थोडी थांबली, ते आलं नाही. खोलीतला पंखा एका पात्याला खरखरत होता, तो तिने बघितला. सर पाण्याचा ग्लास पुढे करत होते. तो तिने घेतला, पाणी प्यायली आणि ग्लास विसळून जागेवर ठेवला.

“फेब्रुवारीची तू देऊ शकत होतीस,” सर म्हणाले. “तेव्हा या तारखेलाही चाललं असतं. मीच नको म्हणालो.”

“राहू द्या, सर.”

“मूळ नोंद जिथं झाली तिथं जा. फॉर्मची मुदत अठ्ठावीसपर्यंत आहे. होत असेल तर... बघ एकदा.” त्यांनाही ते होईलसं वाटत नव्हतं. तरी त्यांनी कागदावर लिहून दिलं, कुठे जायचं, काय मागायचं.

खऱ्या वयाने तिच्या हातात अजून तीन परीक्षा होत्या. एसटीत बसल्यावर तिने तो हिशेब केला, मग परत केला. तीनच येत होत्या. पेडगाव आलं आणि गेलं, तेही तिच्या ध्यानात आलं नाही.

घरी धोंडीबा मेंढीला गुडघ्याखाली दाबून तिची खुरं तासत होता. शालूने उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं. जणू शेजारच्या पोरीचं काहीतरी सांगावं तसं.

“म्हंजे सरकार म्हणायलंय तू म्हातारी झालीस?” धोंडीबाने विचारलं.

“एका महिन्यानं, आबा.”

“आन् तू तर बावीसची बी न्हाईस आजून.” त्याने मेंढी सोडली आणि हात धोतराला पुसले. “कागद चुकलाय त्येंचा. मी येतो सांगाया. बाप हाय मी, माझ्याम्होरं जलमलीस तू. मेंढराचं वय दात बघून कळतंय, पोरीचं बापाला न्हाई कळणार?”

कासाबाई चुलीपाशी होती. ती एवढंच म्हणाली, “जा दोघंबी. चटणी-भाकर बांधून देते.”

वाडीची शाळा दोन वर्षांपूर्वी बंद झाली होती. पट उरला नव्हता. तिची जुनी रजिस्टरं मानवत रोडवरच्या केंद्रशाळेत ठेवलेली होती. ज्यांनी शालूचं नाव शाळेत घातलं ते बन्सीधर गुरुजी निवृत्त होऊन मानवतला राहत होते. शालूने फोन केला. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. “मी येतो तिथं,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडीबा अंघोळ करून निघाला. लग्नाकार्याचं पांढरं धोतर नेसला, फेटा बांधला. एसटीत कंडक्टरने त्याचं आधार कार्ड बघितलं, मग त्याच्या काळ्याभोर मिशा बघितल्या आणि मुकाट्याने म्हाताऱ्यांच्या सवलतीचं तिकीट फाडलं. आधार काढणाऱ्या पोराने धोंडीबाला अदमासे दहा-बारा वर्षं जास्त बहाल केली होती.

“बग,” धोंडीबा शालूला म्हणाला, “मला बी म्हातारं केलंय त्यांनी. पर मपलं काय नुसकान झालं न्हाई.” तो हसला. शालूही हसल्यासारखं करून खिडकीबाहेर बघत राहिली.

केंद्रशाळेत रुख्मिणी मॅडम मुख्याध्यापिका होत्या. बन्सीधर गुरुजी आधीच येऊन बाकड्यावर बसले होते. इतके वाळले होते, की शालूने आधी ओळखलंच नाही. पायावर डोकं ठेवायला ती वाकली तसे ते मागे सरकले.

“नको,” ते म्हणाले. “आधी माझं ऐक.”

त्यांनी मॅडमसमोरच सांगितलं. त्या साली शाळेचा पट भरत नव्हता. एक पोर कमी पडलं तर दुसऱ्या मास्तरची जागा जाणार होती. गुरुजी सगळी वाडी हिंडले, मग मेंढरांच्या वाड्यावर गेले. तिथे शालू कोकरू धरून बसली होती. धोंडीबा म्हणाला, साडेचार वर्षांची हाय. गुरुजी म्हणाले, असू दे, सहाची लावतो. एवढंच. पुढच्या आठवड्यात तपासणी झाली, पट भरला, दुसरा मास्तर राहिला.

“मी लिहून देतो,” गुरुजी म्हणाले. “खोटं लिहिलं म्हणून लिहून देतो. पेन्शन बंद केली तर करू द्या.”

शालू त्यांच्याकडे बघत होती. आता तरी राग यायला हवा होता. या माणसाने एका मास्तरच्या जागेसाठी तिची दीड वर्षं खाल्ली होती. ती रागाची वाट बघत राहिली, आणि तेवढ्यात धोंडीबाच बोलला.

“गुर्जी, आसं का म्हणायलात? तुमी आलात म्हनून पोर शिकली. मी तर तिला पुढच्या सालापासून कोकरामागं धाडणार व्हतो. दुसरं कोण येत व्हतं आमच्या वाड्यावर?”

हे खरं होतं. त्या साली नाव लागलं नसतं तर पुढच्या साली ती काठी घेऊन गंगेकाठी असती. मग राग कुणावर करायचा, हे शालूला कळेना. जे काही आत हलू लागलं होतं ते परत जागच्या जागी बसलं.

“आता मपलं ऐका, बाई,” धोंडीबा मॅडमकडे वळला. तो सरळ उभा राहिला. “ही पोर दिवाळीनंतर जलमली. धाकट्याच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवाळीला. मी बाप हाय, मी सांगायलोय. तसं लिवा.”

मॅडमनी त्याला बसायला सांगितलं. कपाटातून दोरीने बांधलेला गठ्ठा काढला, धूळ झटकली आणि त्या सालचे प्रवेश अर्ज एकेक करून उलटले. शालूचा अर्ज पिवळा पडला होता. मॅडमनी तो आधी मनात वाचला. मग धोंडीबाकडे बघितलं, गुरुजींकडे बघितलं.

“बाबा, यात खाली छापलेलं असतं,” त्या हळू म्हणाल्या. “वाचू का? ‘वर लिहिलेली जन्मतारीख खरी आहे. ती पुढे बदलून मागणार नाही.’”

“हे कुणी म्हणलं?” धोंडीबाने विचारलं.

“तुम्ही. हा अंगठा आहे.”

धोंडीबा वाकला. जांभळी शाई आता तपकिरी झाली होती. अंगठ्याच्या मधोमध एक आडवी पांढरी रेघ होती, शाई न लागलेली. त्याने आपला उजवा अंगठा त्याच्या शेजारी धरला. लोकर कातरताना कातरीचं पातं लागून झालेला आडवा व्रण त्यावर होता, लग्नाआधीचा. तो दोन्हींकडे आळीपाळीने बघत राहिला. मॅडमच्या टेबलावर त्याची सावली पडली होती.

“मपलाच हाय,” तो म्हणाला.

गुरुजी म्हणाले, “मीच उमटवून घेतला. तुला वाचून दाखवलं नव्हतं, धोंडीबा.”

“मला वाटलं खिचडीच्या तांदळासाठी हाय.” धोंडीबा खाली बसला. फेटा जरा कलला होता, तो त्याने सरळ केला नाही. थोड्या वेळाने त्याने विचारलं, “बाई, ह्यो पुसता येतंय का?”

“नाही, बाबा.”

“मग दुसरा घ्या. कोऱ्या कागदावर घ्या. पयला चुकला, ह्यो खरा हाय, आसं लिवा.”

मॅडम उठल्या आणि शालूला खिडकीपाशी घेऊन गेल्या. “मी अर्ज पुढे पाठवते,” त्या कुजबुजल्या. “गुरुजींचंही लेखी जोडते. पण दहावीच्या बोर्डाने एकदा सर्टिफिकेट दिलं, की शाळेच्या हातात काही राहत नाही. आणि झालंच तरी वर्षं जातील. तुला माहीत आहे ना?”

“माहीत आहे, मॅडम.”

“मग त्यांना सांगायचं का?”

शालूने मागे वळून बघितलं. बाप दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला होता, सरकारला खरं सांगायला आलेल्या माणसासारखा. सहा-सात वर्षं सर तिला सांगत होते, उठून बोल, चुकलं तरी बोल. आता एकही शब्द तोंडाशी येईना.

“घ्या अंगठा,” ती म्हणाली.

मॅडमनी कोऱ्या कागदावर स्वतःच्या अक्षरात सगळं लिहिलं. दिवाळी लिहिली, धाकट्याचं लग्न लिहिलं, गंगेकाठचा कापूस लिहिला. नंतर प्रत्येक ओळ धोंडीबाला मोठ्याने वाचून दाखवली. त्याने प्रत्येक ओळीला मान हलवली. शाईची डबी पुढे आली. त्याने अंगठा नीट दाबला, कागदावर टेकवला आणि मॅडमनी पुरे म्हणेपर्यंत उचलला नाही. गुरुजींनी खाली सही केली. मॅडमनी पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून दिला. शालूने ती प्रत घडी करून पिशवीत ठेवली.

बाहेर ऊन चढलं होतं. फाट्यावर लिंबाखाली दोघं बसची वाट बघत उभी राहिली. पांढऱ्या धोतराला डाग लागू नये म्हणून धोंडीबाने अंगठा अंगापासून लांब धरला होता. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण गेला होता. कासाबाईने बांधून दिलेली भाकरी त्याने डाव्या हातानेच सोडली आणि अर्धी शालूपुढे केली.

“वाचून दावलं बाईनं सगळं,” तो म्हणाला. “आता बराबर लिवलंय. आता कवा बोलवतेत तुला?”

शालूने भाकरी हातात घेतली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, दोन दिवसांत पहिल्यांदाच. ते तिने ओढणीने पुसलं आणि रस्त्याकडे तोंड केलं.

“कळवतील, आबा,” ती म्हणाली.